साडेअकराचा तंबू

कुटाइसीच्या बसस्थानकात एकतीस वर्षं
मी गाड्या सुटायच्या वेळा फळ्यावर लिहिल्या,
आधी खडूनं, मग प्लास्टिकच्या आकड्यांनी,
शेवटी नुसतं बटण दाबून.
आता माझ्या हातात एक दोरी आहे
आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला मुरा,
जिला वेळ म्हणजे काय हे मला एकदाही
समजावून सांगता आलेलं नाही.

तिच्या पाठीवर दोन पिशव्या, जुन्या ताडपत्रीतून मीच शिवलेल्या.
एकीत तिचं खाणं. दुसरीतही तिचंच खाणं.
रोज संध्याकाळी ती आपलं ओझं खाऊन टाकते.
माझं मात्र निघताना होतं तेवढंच राहतं,
तंबू, किटली, स्वानी मीठ,
आणि एक जाडजूड पुस्तक, निवृत्तीनंतर वाचायचं ठरवलेलं.

मेस्तियाहून उशगुलीला चार दिवस लागतात,
असं पाटीवर लिहिलंय.
पाटी लिहिणाऱ्याबरोबर कुत्री नसावी.
आमचा आज नववा.

झाबेशीत एका कुंपणाच्या खांबाचा वास घ्यायला
तिला अर्धा तास लागला.
मी दोरी ओढली नाही. तीही वाचतच होती काहीतरी,
मला न येणाऱ्या लिपीत.
त्या अर्ध्या तासात बघितलं,
उतारावर गवत कापणारे सहा जण ओळीनं सरकत होते.
त्यांतला म्हातारा मागे पडला की
पुढचे पाचही थांबत, खिशातून दगड काढत
आणि पात्यांना धार लावत बसत,
जणू त्याच क्षणी सगळ्यांचीच पाती बोथट झाली होती.

आदिशीत पेपेलाबाईंनी खोली दाखवली
आणि दारातच सांगितलं, "कुत्री बाहेर."
रात्री पाऊस लागला.
पहाटे उठून बघते तर मुरा चुलीपाशी,
आणि बाई तिच्या पिशवीची उसवलेली शिवण घालतायत,
मक्याच्या भाकरीचे सुके तुकडे आत भरतायत.
"कुत्री बाहेरच असतात," मान न वळवता त्या म्हणाल्या.
"ही पाहुणी."

मग नदी. बर्फातून नुकतीच सुटलेली,
राख कालवल्यासारखी करडी,
पोटातल्या पोटात दगड गडगडवणारी.
काठावर बेसिक, त्याचा घोडा, आणि ठरलेला दर.
"कुत्री पोहतात," तो म्हणाला.
ही नाही पोहत.
त्यानं मुराकडे पाहिलं, मुरानं पाण्याकडे.
मी सगळं सामान दगडांवर काढलं
आणि रिकाम्या सॅकमध्ये
बारा वर्षांची कुत्री बसवली, मान तेवढी बाहेर.
घोडा पाण्यात उतरला तेव्हा
ती माझ्या मानेवर असे श्वास टाकत होती
जसे शेवटच्या गाडीसाठी धावत आलेले लोक
माझ्या खिडकीच्या काचेवर टाकायचे.
"गेली," एवढंच मी म्हणायचे. आतून.
काच सरकवायची कडी माझ्याच बाजूला होती.

सामानासाठी घोडा परत गेला.
दुसऱ्या खेपेचे पैसे बेसिकनं घेतले नाहीत.
पुस्तक घेतलं.

पलीकडून वाट रोडोडेंड्रॉनच्या झुडपांतून
खिंडीकडे चढत जाते. शंभर पावलं चढलो असू.
मुरा बसली.
दमून नव्हे, मला वाटतं. जागा आवडली म्हणून.
साडेअकरा वाजले होते, ऊन छान होतं,
माझे पाय अजून बरेच उरले होते.
मी तंबू ठोकला.

खालून दोन तरुण आले, घामानं निथळत,
"काही झालं का?"
नाही.
"कुणी आजारी आहे?"
नाही.
"मग?"
तेवढ्यात किटली बोलायला लागली
आणि उत्तर द्यायचं राहिलं.

समोर हिमनदीचा एक कडा सुटला.
आवाज बऱ्याच वेळानं आला.
मुरानं एक कान उचलला, पुन्हा ठेवला.

खिंड उद्या.
किंवा भाकरीचे तुकडे संपतील तेव्हा.